अंतर्गळ : संकोच सोडून समजून घ्यावा असा विकार



काही विकार वेदनेपेक्षा संकोचाने अधिक वाढतात. अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, हा त्यांपैकी एक होय. जांघेत गाठ दिसली की मनुष्य ती वर्षानुवर्षे घरच्यांपासूनही लपवतो आणि एखाद्या रात्री असह्य कळा सुरू झाल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतो.

पोटातील आतडी स्नायूंच्या भिंतीने सावरून धरलेली असतात. सायकलच्या टायरला चीर पडली म्हणजे आतील ट्यूब जशी फुगून बाहेर डोकावते, तशीच या भिंतीच्या दुर्बल जागेतून आतडी किंवा चरबी बाहेर येते. खोकताना वा उभे राहताना फुगवटा दिसतो आणि आडवे झाल्यावर बहुधा आत जातो. जन्मजात दुर्बलता, वार्धक्य, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लघवीस जोर करावा लागणे, स्थूलता ही त्याची कारणे होत. डाळ मिलमध्ये पोती वाहणाऱ्या हमालाला तो होतो, तसा गादीवर बसून व्यवहार पाहणाऱ्या व्यापाऱ्यालाही होऊ शकतो.

याचे प्रमुख प्रकार पाच. जांघेतील अंतर्गळ सर्वांत अधिक आढळतो. आयुष्यात साधारणतः चार पुरुषांपैकी एकास तो होतो. दुसरा फिमोरल, मांडीच्या वरच्या टोकाशी होणारा. तो स्त्रियांत तुलनेने अधिक आढळतो आणि लवकर अडकतो, म्हणून त्यात विलंब नको. तिसरा बेंबीचा. तान्ह्या बाळाचा हा अंतर्गळ बहुधा चार-पाच वर्षांच्या आत आपोआप मिटतो; बेंबीवर नाणे बांधल्याने लाभ होत नाही, उलट त्वचेला इजा होते. बाळाच्या जांघेतील अंतर्गळ मात्र आपोआप मिटत नाही. चौथा पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्भवणारा. पाचवा हायटस, यात जठराचा भाग श्वासपटलातून छातीकडे सरकतो, बाहेर गाठ दिसत नाही, छातीत जळजळ होते आणि पुष्कळदा औषधे व पथ्य यांनीच आराम पडतो.

खरा धोका आतडे अडकण्याचा आहे. गाठ कठीण झाली, आत जाईना, तीव्र वेदना व उलट्या सुरू झाल्या, शौच व वायू बंद झाला, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याची ती खूण समजावी. अशा वेळी गाठ चोळू नये, शेकू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे काही तासांचा विलंबही प्राणावर बेतू शकतो.

पट्टा बांधल्याने भिंतीतील छिद्र बुजत नाही. त्रास नसलेल्या पुरुषाच्या जांघेतील लहान अंतर्गळावर शल्यचिकित्सक काही काळ केवळ लक्ष ठेवण्यास सांगू शकतात. परंतु हा निर्णय तपासणीनंतर त्यांनीच घ्यावयाचा असतो. कायमचा उपाय शस्त्रक्रियाच. त्यात दुर्बल जागी बहुधा कृत्रिम जाळी बसवतात.

या जाळीची किंमत गरिबांना परवडत नसे. त्यावर मार्ग शोधला तो खान्देशच्याच भूमीत. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड शास्त्रशुद्ध रीतीने निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले. त्यांचे व सहकाऱ्यांचे अनुभव 2003 साली भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे युगांडात 302 पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाला अंतर्गळ पुन्हा झाला, तर दुसऱ्या गटात एकालाही नाही. दोन्ही गटांतील हा फरक नगण्य ठरला. महागड्या जाळीवाचून अंतर्गळाची शस्त्रक्रिया अडत नाही, हे दोंडाईचाच्या शल्यगृहाने दाखविले आणि दूरदेशीच्या अभ्यासाने त्यास पुष्टी दिली.

जळगाव व धुळे येथे आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. म्हणून खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये. विशेषतः घरातील वृद्धांना मुला-सुनांनी आणि नातवंडांनी आस्थेने विचारावे. कारण ते स्वतःहून सांगत नाहीत. वेळेवर विचारलेला एक प्रश्न मध्यरात्रीची धावपळ टाळू शकतो, आणि कधी एखादा जीवही वाचवू शकतो.