खर्ची घालायची माणसं
माइक पॉन्डस्मिथच्या १९९० मधल्या 'सायबरपंक २०२०' या गेममध्ये भाडोत्री सैनिक झटपट बनवायची सोय आहे. फासे टाका, की स्टॅट्स, शस्त्र, चिलखत, सायबरवेअर तयार. मी कोडवाला, स्क्रिप्ट लिहिली तर सेकंदात १०० सैनिक!

पण यात लाइफपाथ गाळलेला असतो. आपल्या कॅरेक्टरला घरचे, मित्र, दुश्मन, प्रेमभंग, सगळं फाशांवर मिळतं. मरायला आणलेल्याला काहीच नाही. माणसाला नुसता आकडा समजणं, हे तर गेममधल्या अरासाका कंपनीचं काम. ते आपण का करायचं?

म्हणून गेम मी चालवत असलो, की प्रत्येकासाठी लाइफपाथचा एक फासा जास्तीचा टाकतो. 'याला बहीण आहे' एवढं कळलं तरी माझे प्लेअर्स गोळी झाडण्याआधी बोलून बघतात. तुम्हीपण करून बघा!