चाकाचा काटा आपल्या हाती

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले. आता आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे मोटारसायकलचे टायर. घरच्या घरी ते बदलायचे कसे आणि चाक तोलायचे कसे.

हसण्याआधी जरा विचार करा. बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तोवर, आणि त्यानंतरही, आष्टी-पाटोद्याच्या माळापासून धारूरच्या डोंगरापर्यंत आपला संसार ओढला तो या दोन चाकांनी. युरियाचे ४५ किलोचे पोते त्यावर येते. फवारणीचा पंप त्यावर शेतात जातो. दुधाची किटली त्यावर जाते आणि रात्री-अपरात्री आजारी माणूसही त्यावरच दवाखान्यात जातो. चार एकर कोरडवाहूच्या धन्याकडे ट्रॅक्टर नसतो, बैलजोडीही आता सगळ्यांच्या दावणीला राहिली नाही. मोटारसायकल असते. ती चैन नव्हे, ते शेतीचे अवजार आहे.

सरकारला हे दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. चांगले झाले. मोटारसायकलच्या टायरवरचा २८ वरून १८ वर आला आणि तिथेच थांबला. युरियाचे पोते ट्रॉलीत असले तर शेती, आणि तेच पोते मोटारसायकलवर असले तर हौस, असा हा न्याय आहे. ही मागणी आपण लावून धरूच. पण आपल्या हातात जे आहे त्यासाठी कुणाच्या सहीची वाट पाहायची गरज नाही.

कुळवाची पास बसवायला आपण तालुक्याला जात नाही. मग मृगाचा पाऊस पडला, वापसा आला, बियाणे आणायचे आहे आणि चाक बसले म्हणून दिवस का घालवायचा? फाट्यावरचा पंक्चरवाला आपल्याच घरातला आहे, त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण तो फाट्यावर आहे आणि आपण शेतात. शिवाय चाकाच्या या कामात जिवाचा प्रश्न आहे. मांजरसुंब्याच्या घाटात गुळगुळीत टायरवर तिघे बसून उतरणारी गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

टायर संपले कधी म्हणायचे

टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही इंग्रजी अक्षरे असतात. त्या रेषेत वर नक्षीच्या खाचेत पाहा, रबराचा एक बारीक उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपले. मग हवा कितीही टिकत असो.

दुसरी खूण धाग्यांची. टायरची ताकद रबरात नसते, आतल्या धाग्यांच्या थरात असते. एके काळी हे धागे कापसाचेच असत, पुढे रेयॉन आणि नायलॉन आले. वेड्या बाभळीचा काटा, पऱ्हाटीचा खुंट, ज्वारीचे धसकट यांनी रबर फाडून धागा उघडा पाडला की पाणी आत शिरते आणि तिथेच एक दिवस टायर फुगून फुटते. धागा दिसला की तडजोड नको.

ऊसतोडीच्या टायरगाडीला जुने टायर चालते, कारण बैल चालतो पावलांनी. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला जुने किंवा वर रबर चढवलेले टायर कधीही घालू नये. मागचे फुटले तर गाडी सावरता येते, पुढचे फुटले तर सावरायला वेळच मिळत नाही.

घेताना काय पाहायचे

आकडा तोच घ्या. २.७५-१८ असे लिहिले असेल तर पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमचा, दोन्ही इंचांत. आयएसआयची खूण पाहा. मग कडेला चार आकडे शोधा. २३२५ असेल तर ते टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनले. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतो, तशी ही पाहायची. रबर पडून राहिले तरी कडक होते, म्हणून वर्षानुवर्षे दुकानात पडलेले टायर नव्याच्या भावात घेऊ नका. नव्या टायरला ट्यूबही नवीच घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते, आत तिला चुणी पडते आणि चुणीवरच ती फाटते.

बसवण्याची रीत

गाडी सपाट जागी मोठ्या स्टँडवर घ्या. पुढचे चाक काढायचे असेल तर इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या. मागचे काढण्याआधी चेन ताणायच्या पट्टीवरच्या खुणा दोन्ही बाजूंना कितीवर आहेत ते लक्षात ठेवा. नट, वॉशर, बुश ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पोत्यावर मांडा.

वॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडा. टायरची कड पायाने दाबून रिमपासून सोडवा. आता मुख्य गोष्ट ऐका. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. कितीही जोर लावला तरी ताणणार नाही. पण रिमच्या मध्यभागी खोलगट जागा असते. आपण एका बाजूला पट्टी घालून कड उचलतो, तेव्हा समोरच्या बाजूची कड त्या खोलगटात उतरलेली हवी. मग कड सैल होऊन सहज वर येते. जोर लागतो आहे याचा अर्थ समोरची कड उतरलेली नाही. थांबा, गुडघ्याने ती दाबा, मग उचला. दोन लोखंडी पट्ट्या घ्या आणि वीत-वीत नव्हे, दोन-दोन बोटे पुढे सरका. पहार आणि विळा या कामाला नको, ट्यूब तिथेच कापली जाते.

कडेला साबणाचे पाणी लावा. तेल, ग्रीस, डिझेल लावू नका. त्याने रबर खराब होते, आणि टायर रिमवर घसरून ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो.

टायर निघाले की रिमचा गंज घासा आणि तारांची टोके झाकणारी रबरी पट्टी धड आहे का पाहा. तेच टायर परत घालायचे असेल तर आतून फडके फिरवा. काटा असेल तिथे फडके अडकेल. उघडे बोट फिरवू नका.

नव्या टायरच्या कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने ठेवा. ट्यूबला पावडर लावा, आकार येईल इतकीच हवा भरा आणि आत बसवा. शेवटची कड वॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करा आणि वॉल्व्हपाशी संपवा. वॉल्व्हपाशी ट्यूबमुळे कड खोलगटात नीट उतरत नाही, म्हणून ती जागा शेवटी. शेवटची वीतभर कड चढवण्याआधी वॉल्व्ह आत ढकलून पाहा, ट्यूब कडेखाली सापडलेली नसावी. हवा भरा, पूर्ण सोडा, पुन्हा भरा, म्हणजे चुण्या सुटतात. टायरच्या कडेवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आली की टायर बसले.

हवा किती ते गाडीच्या पुस्तकात असते. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ पौंडांच्या आसपास लागते, मागे त्याहून जास्त, आणि मागे माणूस किंवा पोते असले तर आणखी जास्त. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा.

बिनट्यूबचे टायर मात्र घरी बसवू नका. त्याची कड बसायला हवेचा एकदम झोत लागतो, तो हातपंपाने मिळत नाही.

चाक तोलणे

मोटारसायकलचे चाक तोलून देणारे दुकान आपल्याकडे विरळाच. पण तोलणे आपल्याला शिकवायला नको. अडतीवर काटा कुठे झुकतो ते आपण आयुष्यभर पाहत आलो. चाक हाही काटाच आहे, आणि हा कुणाच्या बाजूने झुकत नाही.

आधी चाक सरळ आहे का ते पाहा. विटेवर खिळा ठेवून त्याचे टोक रिमजवळ आणा आणि चाक फिरवा. रिम जवळ-दूर होत असेल तर तारा सैल आहेत, ते काम जाणत्याकडून आधी करून घ्या. मग चाकाचा आस दोन सारख्या उंचीच्या आधारांवर ठेवा. ब्रेक आणि मीटरचा गिअर काढलेला असावा, चाक मोकळे फिरावे. हळू फिरवून सोडा. थांबल्यावर जी जागा खाली येईल तिथे खडूने खूण करा. तीन-चार वेळा करा. दर वेळी तीच खूण खाली आली तर तिथे वजन जास्त आहे. बरोबर समोर, तारेच्या बुडाशी, शिशाची किंवा झाळण्याची तार पाच-पाच ग्रॅमने गुंडाळत जा. सोनाराच्या काट्यावर तिचे तुकडे आधीच मोजून आणा. चाक कुठेही सोडले तरी तिथेच थांबू लागले की तोल साधला. तार घट्ट आवळा, सुटून उडता कामा नये.

एवढ्याशा वजनाने काय होते? रिमवर २० ग्रॅमचा फरक असला तर ताशी ६० किलोमीटरला तो सुमारे दीड किलोच्या जोराने चाक ओढतो, आणि दर सेकंदाला नऊ वेळा. तो हादरा हँडलला, बेअरिंगला आणि आपल्या मनगटाला बसतो. म्हणून पुढचे चाक तरी तोललेच पाहिजे.

चाक परत बसवल्यावर चेनच्या दोन्ही खुणा सारख्या करा, ब्रेक जोडा, आसाच्या नटाला स्प्लिट पिन नवी घाला. गाडी अंगणात फिरवून ब्रेक दाबून पाहा, मगच रस्त्यावर न्या. नवे टायर सुरुवातीला निसरडे असते, म्हणून पहिले शंभर किलोमीटर सावकाश चालवा.

गावात एक पेटी

हे सामान प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. गावात एक पेटी पुरे. त्यात दोन पट्ट्या, पान्यांचा संच, पंप, हवा मोजायचा काटा, वॉल्व्हची सुई काढायचे हत्यार, पंक्चरच्या चकत्या आणि तार. दहा घरांनी वर्गणी काढली तर कुणालाच जड नाही. पेटी ज्याच्या घरी राहील त्याचे नाव शाखेच्या वहीत लिहा. हे काम शिकायला मुलीही बसवा, त्याही आता गाडी चालवतात.

ठराव करून उपयोग नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येक शाखेने घरी टायर बदललेले आणि तोललेले एक पुढचे चाक आणावे. इथेच दोन आधारांवर ठेवून सगळ्यांदेखत फिरवू. ज्याचे चाक कुठेही सोडले तरी जागच्या जागी थांबेल, त्या गावाने शेजारच्या गावाला शिकवायचे.