नदीकाठी रिकाम्या हातानं

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी निवडणं घेऊन बसली असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या.

आम्ही कोपरगाव तालुक्यातल्या, गंगथडीच्या बाया. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. जन्म तिच्या काठी गेला, पण नदीवर कधी रिकाम्या हातानं गेलो नाही. धुण्याचं बोचकं, नाहीतर हंडा. काम झालं की पाय घराकडे.

मागच्या हिवाळ्यात गटातल्या सहा जणी पापडाचं मशीन बघायला नाशिकला गेलो. काम लवकर उरकलं, एसटीला दोन तास होते. रामकुंडावर पाय धुतले आणि एकजण म्हणाली, "चला, काठानं जरा चालू."

दुतोंड्या मारुतीपाशी थांबलो. पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावर नाशिकची माणसं पुराचा अंदाज बांधतात. तेच पाणी पुढं आपल्या कोपरगाव-पुणतांब्याला येतं. नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा पाहिली. शेंगा घेतल्या, घाटाच्या पायरीवर बसलो.

आधी जीव धास्तावला होता. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "कुणी विचारलं इथं काय करताय, तर काय सांगायचं गं?" कुणीच विचारलं नाही. मग त्या बोलत्या झाल्या. वीस वर्षं आम्ही एका चुलीवर राबतोय, पण दहावीला त्यांना गणितात पैकीच्या पैकी मार्क होते, हे मला त्या दिवशी कळलं. आता गटाचा हिशेब त्याच लिहितात.

कामाला निघालं की डोक्यात पुढचं काम असतं. रिकामं चाललं की शेजारची बाई दिसते.

आपल्या चोंडीच्या अहिल्याबाईंनी महेश्वरला नर्मदेवर, काशीला गंगेवर घाट बांधले. पायऱ्या पूजेला लागतात, तशा टेकायलाही लागतात. आपल्या गावाला घाट नसेल, पण ओढा, बंधारा, तळ्याचा बांध असतो. ग्रामसभेआधी महिला सभा होते ना? तिथं सांगा, तेवढ्या वाटेवरच्या काटेरी बाभळी काढा, एक दिवा लावा.

आम्ही आता बैठक झाली की बंधाऱ्यापर्यंत चालत जातो. पहिल्या दिवशी पारावरून विचारणा झाली, "बायांनो, कुठं निघालात?"

जाऊबाई म्हणाल्या, "कुठंच नाही. चालतोय."

तुम्हीही एक दिवस निघून बघा. राम राम.