विचारायचं कोणाला?



अध्यक्षानं सुरुवातीला आपल्या अपात्रतेबद्दल दोन शब्द बोलायची प्रथा आहे. ती मी सोडते. आजचा विषय फोनचा आहे, आणि फोनवर प्रस्तावना करणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

आपल्याकडे नंबरांची कमतरता नाही. पोलीस किंवा आग असेल तर 112, रुग्णवाहिकेसाठी 108, बाळंतिणीसाठी 102, आरोग्याच्या सल्ल्यासाठी 104, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, म्हाताऱ्यांसाठी 14567, मनाच्या त्रासासाठी 14416, वाघ-बिबट्यासाठी 1926, विजेच्या तारेसाठी 1912 आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी 1077. ग्रामपंचायतीची भिंत संपते, नंबर संपत नाहीत. घाबरलेल्या माणसाला यातला एक आठवतो, तोही बहुधा जुना 100. तरी संकटात ओरडायला आपल्याकडे भरपूर नंबर आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. साधं काही विचारायचं असेल, तर सगळ्या खात्यांचं मिळून सांगणारा एकही नाही.

ऑगस्ट 2020च्या शेवटचा पूर आठवा. गणपतीचे दिवस, त्यात कोरोना. आपली वैनगंगा सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावी उगम पावते आणि तिच्यावरचं संजय सरोवरही तिकडंच, मध्य प्रदेशात. तिकडून सोडलेलं पाणी आणि मधल्या नद्यांचं पाणी मिळून आपल्या भंडारा जिल्ह्याच्या दारात आलं. कारध्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी 245.50 मीटर धरतात. कक्षातून तो आकडा वेळोवेळी जाहीर होतो, तो बरोबर असतो, अभियंत्याला तो कळतोही. पण गणेशपूरच्या बाईला हवं असतं ते वेगळंच. आमच्या गल्लीत पाणी शिरणार का? शिरलं तर जनावरं कुठं न्यायची? सासूबाईंचं डायलिसिस उद्या आहे, नागपूरचा रस्ता चालू आहे का? शाळेत राहायची सोय केली म्हणतात, तिथं दोन महिन्यांच्या लेकराला दूध मिळेल का? यातला एकही प्रश्न होडी पाठवून सुटत नाही. तो माहिती देऊन सुटतो, आणि ती माहिती पाच खात्यांच्या पाच टेबलांवर विखुरलेली असते.

2023 साली आपल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम भोंग्यासारखे वाजले होते. सरकारच्या इशारा यंत्रणेची ती चाचणी. उत्तम सोय आहे. पण तो भोंगा बोलतो, ऐकत नाही. ‘पाणी वाढणार’ असा संदेश आला की माणसाच्या तोंडून लगेच निघतं, ‘मग आता मी काय करू?’ हे ऐकायला पलीकडं कोणी नसेल, तर संदेशानं फक्त घबराट वाढते.

9 जानेवारी 2021च्या पहाटे आपल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. 17 बाळं होती. 7 वाचली, 10 गेली. त्याच्या चौकशा झाल्या, अहवाल झाले, त्यावर मी आज बोलत नाही. मी त्या पहाटेच्या आजी-आजोबांचा विचार करते. आपलं बाळ सातांत की दहांत, हे विचारायला अशा वेळी एक जागा लागते. तिथं नाव सांगितलं की शांतपणे, खरं आणि एकदाच उत्तर मिळालं पाहिजे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025ला स्फोट होऊन 8 कामगार गेले. आसपासच्या गावांतले प्रश्न तेव्हाही साधेच असणार: पुन्हा होईल का, घर सोडायचं का, शाळेतून पोरं आणायची का. उत्तर मिळालं नाही की ती जागा व्हॉट्सअ‍ॅप भरून काढतं, आणि ते कसं भरतं हे तुम्हाला माहीत आहे.

आता थोडं जास्त वेळ जिथं थांबायचं आहे तिथं येते. रोवणीच्या दिवसांत बांधीत काम करणारा शेतकरी मरतो. वीज पडून गेला, तर कुटुंबाचे 4 लाख तहसील कार्यालयातून येतात. साप चावून गेला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून 2 लाख, आणि त्यासाठी दार कृषी खात्याचं. वाघानं मारला, तर 25 लाख वनखात्याकडून. एकच बांधी, एकच घर, आणि मरण कशानं आलं त्यावर दार ठरतं. कागदही वेगवेगळे. त्यात शवविच्छेदनाचा अहवाल महत्त्वाचा. आपल्याकडे वीज पडून गेलेल्या माणसाचं ‘आता कशाला चिरफाड’ म्हणून त्याच संध्याकाळी उरकतात. महिन्याभरानं मुलगा तहसीलमध्ये जातो, तेव्हा त्याला कळतं की आपण काय गमावलं. त्या संध्याकाळी कोणी फोनवर एवढंच सांगितलं असतं, ‘दादा, दुःख मोठं आहे, पण ग्रामीण रुग्णालयात नेल्याशिवाय पुढचं काही करू नका, आणि पोलीस पाटलांना आत्ताच कळवा,’ तर त्या घराचं पुढचं वर्ष वेगळं गेलं असतं. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, तहसीलदार लागत नाही. माहीत असलेलं माणूस लागतं.

अमेरिकेत संकटात धावून जाणं आणि माहिती देणं हे दोन धंदे वेगळे केले आहेत. जीव धोक्यात असेल तर 911. निवारा, धान्य, औषध, वीजबिलाची मदत कुठं मिळेल हे विचारायला 211. हा दुसरा नंबर 1997 साली अटलांटा शहरात युनायटेड वे या संस्थेनं सुरू केला आणि 2000 साली तिथल्या दूरसंचार आयोगानं तो देशभरासाठी राखून ठेवला. त्यांचं सगळं आपण उचलावं असं नाही. तिथल्या चर्चच्या तळघरातली धान्यबँक आपल्याकडे नाही, आपली रेशन दुकानाची रांग तिकडे नाही. पण त्यांच्या कामात फोनपेक्षा फोनमागची यादी मोठी असते, हे मात्र शिकण्यासारखं आहे. कोणती संस्था काय देते, कोणाला देते, किती वाजता उघडते, हे सतत तपासत राहणारी माणसं तिथं पगारावर असतात.

आपली अडचण नेमकी इथं आहे. उद्घाटन नंबराचं होतं, फीत नंबराची कापतात, यादीला कोणी हार घालत नाही. वैद्यकीय अधिकारी बदलून जातो, तलाठ्याचा साझा बदलतो, संस्था बंद पडते, आणि फलकावर तीन वर्षांपूर्वीचा मोबाईल क्रमांक उन्हात पांढरा होत राहतो. असा चुकीचा नंबर नसलेल्या नंबरापेक्षा वाईट. माणूस एकदा फसला की दुसऱ्यांदा फोन लावत नाही.

केंद्रीकरणाचाही विचार करा. 112चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो आणि तिथून आपल्या पोलिसांकडे येतो. तातडीच्या मदतीसाठी ही रचना चालते, गाडी कुठली जवळ आहे ते पडद्यावर दिसतं. चौकशीचं तसं होत नाही. पवनीकडची आजी म्हणते, ‘बोडीच्या पाळीपाशी आहो, मोठ्या मोहाजवळ’, तेव्हा नवी मुंबईतली मुलगी तिला ‘लँडमार्क सांगा’ म्हणते. दोघींचाही दोष नाही. गोसीखुर्दमुळे उठून नव्या जागी वसलेल्या गावांत हा गोंधळ आणखी वाढतो. गाव कागदावर एका नावानं, बोलण्यात दुसऱ्या. म्हणून चौकशीचा फोन जिल्ह्यातच उचलला गेला पाहिजे, आणि उचलणाऱ्यानं सातही तालुके पायाखाली घातलेले असले पाहिजेत. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, फुटला म्हटल्यावर कोणाचा मामा असं विचारणारा माणूस त्या खुर्चीत नको.

कोणी म्हणेल, सध्याच्या 1077वरच हे काम द्या. मीही आधी तसंच म्हणत होते, आता नाही म्हणत. पुराच्या रात्री ती लाईन होडी मागणाऱ्यासाठी मोकळी राहिली पाहिजे. वर्षभर दाखले, पेन्शन, व्यसनमुक्ती, अपंगांचं प्रमाणपत्र असल्या चौकशा घेणारी लाईन वेगळी असावी, पण बसावी शेजारच्याच खोलीत, म्हणजे आपत्तीत दोन्हीकडची माणसं एकमेकांना हाक मारू शकतील. वर्षभर वापरलेला नंबरच लोकांना पुराच्या रात्री आठवतो. फक्त पावसाळ्यापुरता जागा होणारा नंबर पावसाळ्यातही कोणाला आठवत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर तीन पाळ्यांत सहा-सात माणसं, एक खोली आणि यादीसाठी गावोगाव फिरणारे दोघं. समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी तसेही गावात जातात. त्यांनी दर तीन महिन्यांनी आपल्या वाट्याच्या गावांतला प्रत्येक क्रमांक स्वतः फिरवून बघावा. पण फोन उचलणारं माणूस विद्यार्थी नको आणि मानधनावरचं हंगामी माणूसही नको. मरणाची बातमी ऐकून घेणं हे कौशल्य आहे, त्याला पगार द्यावा लागतो.

आपल्यासमोरच्या ठरावाच्या मसुद्यात ‘हेल्पलाईनचा व्यापक प्रसार करण्यात यावा’ असं वाक्य आहे. ते काढावं अशी माझी सूचना आहे. प्रसार नंतर करू. त्याऐवजी यादी कोणत्या कार्यालयानं ठेवायची, तपासणीची सही कोणाची आणि संध्याकाळी सहानंतर फोन कोण उचलणार, ही तीन नावं पदासह लिहावीत. मॉन्सूनपूर्व आढावा बैठक मे महिन्यात असते. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय यायचा असेल, तर ठराव आज दुपारच्या सत्रातच मंजूर करून जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा लागेल. मसुदा दुरुस्त करायला जे तिघं-चौघं बसणार आहेत, त्यांनी जेवणाआधी मला भेटावं.