रेंज नाही, तरी फाइल पोचते : घरातले जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडताना

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर अजून जिवंत आहे. कधी तासभर चालतो, कधी रुसतो. आणि त्याच्या पोटात घरच्यांचे असे काही कागद आहेत, जे दुसरीकडे कुठेच नाहीत.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. नेटवर्क वेगळं आणि इंटरनेट वेगळं. दोन मशीन एका वायरने जोडल्या की नेटवर्क झालं. त्याला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या लोकांना रेंजचं दुखणं मी वेगळं सांगायला नको. पण या कामाला रेंज लागतच नाही.

आता हे करायचं कशाला? आपल्या भागात कागदाची किंमत काय आहे ते बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. म्हणजे आपल्या बांबूचा परवाना गाव स्वतः देणार. या सगळ्यामागे ठराव, नकाशे, पुरावे असतात. वनहक्क कायदा २००६ चा. जे आदिवासी नाहीत पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगतात, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जातपडताळणीला पणजोबांचा शाळेचा दाखला शोधताना घर कसं डोक्यावर घेतात, ते तर तुम्ही पाहिलंच असेल.

माझे मामा गावच्या वनहक्क समितीत होते. त्यांनी लोकांचे कागद स्कॅन करून ठेवले एक्सपीवाल्या कॉम्प्युटरमध्ये. हार्डडिस्क ४० जीबीची, आणि चालू केली की कट-कट आवाज. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा मामा म्हणाले, “हे एवढं काढून दे बाप्पा, मग मशीन मेली तरी चालते.”

पेनड्राइव्ह का नाही? अडचणी दोन. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्ह स्वतःसोबत व्हायरस घेऊन येतो. आणि २००१-०२ च्या सुमाराच्या बऱ्याच मशीनमध्ये यूएसबी १.१ आहे, सेकंदाला जेमतेम एक एमबी. त्याच मशीनच्या १०० मेगाबिटच्या लॅन कार्डातून सेकंदाला दहा-अकरा एमबी जाऊ शकतात. एक जीबीला यूएसबीने पाव तासाच्या वर लागतो, वायरने दीड-दोन मिनिटं.

तर सामान काय लागतं? घरात पडलेला जुना राउटर आणि दोन लॅन केबल. राउटरवर जिथे ‘लॅन’ लिहिलंय त्या भोकांत केबल लावा. इंटरनेटची वायर येते ते भोक रिकामंच राहू द्या. राउटर चालू केला की तो प्रत्येक मशीनला नंबर वाटतो, आयपी ॲड्रेस. घराला घरनंबर असतो तसंच.

राउटर नसेल तर सरळ एक केबल या मशीनमधून त्या मशीनमध्ये. दोन्ही कार्ड जुनी असतील तर क्रॉसओव्हर केबल लागेल. एक जरी गिगाबिटचं असेल तर बहुतेक वेळा साधी चालते. मग नंबर हाताने द्या : एकीला १९२.१६८.१.१०, दुसरीला १९२.१६८.१.११, आणि सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. आकडे अर्थातच इंग्रजीत टाका. एक सांभाळा : दोन कॉम्प्युटरच्यामध्ये साधी यूएसबी केबल लावू नका. काम होत नाही, पोर्ट मात्र जळू शकतो.

आता खरी गोम. एक्सपीवर फोल्डर शेअर केला, पण नव्या विंडोजमधून तो उघडतच नाही. कारण एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त जुनी भाषा येते, एसएमबी-१. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच भाषेतल्या छिद्रातून जगभर पसरला. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून ती काढून टाकली. यूट्यूबवर सांगतात, नव्या मशीनवर ती परत चालू करा. मी म्हणेन, नका करू.

त्यापेक्षा फोन वापरा. बऱ्याच फाइल मॅनेजर ॲपमध्ये एफटीपीची सोय असते. फोन त्याच राउटरच्या वायफायवर घ्या. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?’ असं फोन विचारेल; हो म्हणा. एफटीपी चालू केलं की स्क्रीनवर एक पत्ता दिसतो. तो जसाच्या तसा एक्सपीच्या माय कॉम्प्युटरच्या ॲड्रेस पट्टीत टाका. फोनमधले फोल्डर समोर येतील. पासवर्ड मागितला तर फोनवर दिसतो तोच. मग कॉपी, पेस्ट. कट नाही, कॉपीच! एफटीपीमध्ये पासवर्ड उघडाच जातो, म्हणून हे घरातल्या घरात करा आणि काम झालं की बंद करा.

मामांचे स्कॅन असेच निघाले. पण वर्डमधले ठराव नव्या लॅपटॉपवर उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! फाइल बिघडली नव्हती. आपल्याकडे तेव्हा युनिकोड नाही, शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट चालायचे. फॉन्ट नाही, तर मराठी दिसत नाही. म्हणून सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही सोबत कॉपी करा. आणि महत्त्वाच्या ठरावांची पीडीएफ करून ठेवा.

अजून एक. शेजारच्या घरापर्यंत लॅन वायर छपरावरून ओढायचा मोह होतो. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कशा पडतात माहीत आहे ना? तांब्याची वायर बाहेरून नेऊ नका. घरातही विजा सुरू झाल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढा.

शेवटी, प्रती तीन करा. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क दुसऱ्या घरी. तिसरी छापील, फायलीत. ग्रामसभेचे कागद असतील तर आधी समितीला विचारा, कारण ते एकट्याचे नाहीत. मामांकडची हार्डडिस्क आता समितीच्या कपाटात आहे.

तुमच्या घरच्या मशीनमध्ये काय आहे, ते या रविवारी आई-बाबांना विचारा. अडलात तर कुठल्या पायरीवर अडलात ते मला कळवा, पुढच्या भागात तिथूनच सुरू करू. तोपर्यंत, ऐकत राहा!