पात्याची धारपट्टी आणि तिचे बोल्ट
(खर्डी, ता. शहापूर, जि. ठाणे येथे ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मी माहिती खात्यातला माणूस, पदवी कला शाखेची. पाना हाती धरण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपणांस अधिक आहे. तरीही एका पोलादी पट्टीविषयी बोलण्याचे मी पत्करले, याला कारण गेल्या मे महिन्यात याच परिसरात पाहिलेला एक प्रसंग.

एका शेतकऱ्याने खाचराच्या सपाटीकरणासाठी तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर आणला होता. मागच्या पात्याची पट्टी झिजून बोल्टांची डोकी घासली गेली होती. दुपारी एक नट गळाला आणि पट्टी एका टोकाने लोंबू लागली. संध्याकाळी ती वेल्डिंगने मूळ पत्र्यालाच चिकटवून टाकली. दुसऱ्या दिवशी खडक लागताच जोड तडकला व पत्राही वाकला. तीन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला आणि चौथ्या दिवशी वळवाचा पाऊस आला. ते खाचर त्या वर्षी तसेच राहिले. आवणीनंतर एका कोपऱ्यात रोप बुडाले, तर पावसाने उघडीप देताच दुसऱ्या कोपऱ्याला भेगा पडल्या. नट ट्रॅक्टरवाल्याचा गळाला, भात मात्र दुसऱ्याचे गेले.

खाचर पाण्याच्या पातळीत असावे लागते, हे आपणांस सांगणे नको. पूर्वी बैलांच्या केणीने हे काम होई. आता ते ट्रॅक्टरच्या पात्याने होते आणि तासांत उरकते. परंतु इकडची जमीन मुरमाड, खाली काळा खडक, बांधालगत दगडगोटे. अशा जमिनीत पोलाद झिजणारच. प्रश्न इतकाच की, झिजावे कोणी?

नांगराच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी केव्हाच सोडविला होता. फाळ झिजला म्हणून कोणी नांगर टाकीत नसे. फाळ लोहाराकडून शेवटून आणीत, अगदीच संपला तर नवा घालीत. १९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. तो संशय पुढे मावळला. पात्याच्या खालच्या कडेला बोल्टांनी बसविलेली धारपट्टी म्हणजे पात्याचा फाळच होय. आपल्या तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अशा रस्त्याच्या कामावर जे अवजड ग्रेडर चालतात, त्यांच्या पात्याखालीही अशीच बदलण्याजोगी पट्टी असते.

पुष्कळ पट्ट्यांची भोके दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर असतात. अशी पट्टी एका बाजूने झिजली की उलटून लावावी, म्हणजे एकाच पट्टीच्या दोन धारा वापरता येतात. मात्र झीज मूळ पत्र्यापासून बोटभर अंतरावर आली की थांबले पाहिजे. पाते नेहमी एकाच अंगाला तिरपे धरून चालविल्यास पुढचे टोक आधी झिजते. ते दर दिवशी पाहावे.

आता बोल्ट. दुकानात गोल, फुगीर डोक्याचा बोल्ट स्वस्तात मिळतो. तो येथे चालत नाही, कारण डोके मातीत घासून जाते आणि मग नट फिरविला की बोल्टही फिरतो. येथे सपाट डोक्याचा, चौकोनी मानेचा नांगरी बोल्टच हवा. त्याचे डोके पट्टीच्या खोबणीत बुडते व मान भोकात अडकते. बोल्टची प्रतही विचारून घ्यावी. ८.८ प्रतीचा बोल्ट ४.६ प्रतीच्या साध्या बोल्टच्या दुप्पट ताण सोसतो. किमतीत थोडा फरक पडेल. ट्रॅक्टर उभा राहिल्याच्या एका तासापुढे तो काहीच नव्हे.

बोल्ट का तुटतो, याविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. खडकाचा सगळा मार बोल्टने सोसायचा, असे आपण धरून चालतो. वास्तविक नीट आवळलेला बोल्ट पट्टीला पत्र्यावर दाबून धरतो, आणि त्या दाबातून होणारे घर्षण मार सोसते. ८.८ प्रतीचा १६ मिलिमीटरचा एक बोल्ट पुरता आवळला, तर जवळजवळ ७ टनांचा दाब देतो. त्यासाठी अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ४० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. तोच बोल्ट सैल असेल, तर पट्टी हलते आणि प्रत्येक ठोका थेट त्याच्या अंगावर पडतो. तुटलेले बहुतेक बोल्ट आधी सैल झालेले असतात.

म्हणून पट्टी बसविण्यापूर्वी पत्र्यावरचा गंज व वाळलेली माती खरवडून काढावी. मधल्या बोल्टपासून आवळत दोन्ही टोकांकडे जावे. तासा-दोन तासांच्या कामानंतर सारे नट पुन्हा एकदा आवळावेत. नव्या पट्टीचे रंग-खवले दबून बोल्ट हमखास ढिले पडतात. भोक जुळत नसेल तर गॅसने जाळून मोठे करू नये, त्याने पट्टीचे पाणी उतरते. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा वेल्डिंगने जोडण्याची रीतही सोडावी, कारण ते पोलाद वेल्डिंगच्या कडेला तडकते. आमच्या लोहारदादांचा यात दोष नाही. पूर्वी दुसरे काही हाताशी नव्हते.

बोल्टसाठी लोकल पकडून कल्याण गाठण्यात दिवस जातो. तेव्हा दहा बोल्ट, तितकेच नट आणि एक जादा पट्टी वैशाखापूर्वीच घरी आणून ठेवावी. गावातल्या चार ट्रॅक्टरवाल्यांच्या पात्यांची मापे एक असतील, तर मिळून आणावी. भाड्याने ट्रॅक्टर बोलावणाऱ्यानेही पाते आधी वाकून पाहावे. त्यात संकोच कसला?

एक गोष्ट राहिली. हायड्रॉलिकवर उचललेल्या पात्याखाली कोणीही हात घालू नये. इंजिन बंद करून, खाली लाकडी ठोकळे देऊन, पाते त्यांवर टेकवावे आणि मगच पाना हाती घ्यावा. मागच्या अंगणात एक पाते तसेच ठोकळ्यांवर ठेवले आहे. त्याचे दोन नट मुद्दाम सैल सोडले आहेत. ते कोणते, हे पाहण्यासाठी आता आपण तिकडे जाऊ.