मांडव आणि कनात



पाहुण्याने मांडवाचे कौतुक अवश्य करावे. पण कनातीआड काय झाकले आहे, हेही पाहावे. १९७८ साली अर्जेंटिनाने विश्वचषक फुटबॉलचा मांडव घातला, तेव्हा तेथे १९७६ च्या बंडाने आलेले जनरल व्हिडेला यांचे लष्करी राज्य होते. माणसे रातोरात नाहीशी होत. ब्यूनोस आयरिसच्या मोन्युमेंताल क्रीडांगणापासून नौदलाच्या यंत्रशाळेतील छळछावणी मैलभरही दूर नव्हती. प्रेक्षकांचा जयघोष कैद्यांच्या कानी पडे.

संघाचे प्रशिक्षक सेझार लुइस मेनोती डाव्या विचारांचे. त्यांनी १७ वर्षांच्या मॅराडोनाला वगळले, स्पेनमध्ये खेळणाऱ्या केंपेसला बोलावले. २५ जूनला जादा वेळात नेदरलँड्सवर ३-१ असा जय मिळाला. कर्णधार पासारेलाच्या हाती चषक दिला, तो मात्र व्हिडेलांनीच.

मेनोतींनी पद सोडावयास हवे होते काय? आम्हांस हा प्रश्न सोपा वाटत नाही. आपण लोकांसाठी खेळलो, लष्करशहांसाठी नव्हे, असे ते सांगत. ते खोटे नव्हते. त्या विजयाने लष्करशहांचे फावले, हेही खोटे नव्हे.

प्रशिक्षकास दोष देणे सोपे; आपण प्रेक्षक काय करतो? नाहीशा झालेल्यांच्या माता १९७७ पासून प्लाझा दे मायो चौकात फेऱ्या घालीत होत्या. उद्घाटनाच्या दिवशी डच दूरचित्रवाणीने आपला कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. पाहुण्याचा धर्म तो हाच, असे आम्ही समजतो.